ट्रकचे पाटे आणि आमचे माठ

"मालक, एक तर हाव म्हना, न्हाई तर न्हाई म्हना! भट्टी लाल होऊन राहिली!" ट्रकखालून मिस्त्री ओरडला.

मी सकाळपासून त्याच्या भट्टीपाशी उभा होतो. जिल्हा नवा झाला होता. कचेरीवरच्या पाटीचा रंग ओला होता, आणि त्या दुष्काळात लातुरात ओलं असं तेवढंच. कचेरीतून आम्हाला टँकरचं काम मिळत होतं. अडचण एकच, वर ठेवलेली पाण्याची टाकी भरली की आमचा ट्रक डावीकडं झुकायचा. इतका, की निलंग्याच्या रस्त्याला डाव्या अंगाचे उंदीर बिळाबाहेर बादल्या घेऊन बसायचे. कचेरीतल्या साहेबानं बजावलं होतं, उद्या ट्रक सरळ दिसला तरच काम.

मिस्त्रीचा इलाज सोपा होता. चाकांवर ट्रकचं वजन पेलणाऱ्या जुन्या लोखंडी पाट्यांची कमान तापवून उंच करायची, वर दोन जाड पाटे चढवायचे. मग हत्ती बसवला तरी ट्रक हलणार नाही.

पण आमचं खरं भाडं माठांचं. निलंग्याच्या कुंभारांचे माठ नांदेडला न्यायचे. जुन्या लवचिक पाट्यांवर ट्रक असा झुलायचा, की वरच्या थरातल्या माठांना झोप लागायची. ताठ पाट्यांवर पहिल्या खड्ड्यालाच खापऱ्या. आणि एकदा भट्टीत गेलेली कमान पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

"मंजी पानी पडलं की आपन रिकामे," पेटीवर बसलेले वडील म्हणाले. "आन् न्हाई पडलं तर मालामाल. लेका, तू दुष्काळाशी भागी करून राहिलास."

"अन्ना, चिखलाला पानी न्हाई. कुंभार माठ कशाचे करतेल?"

"पुढच्या साली करतेल की."

"तवर काय खायचं?"

मी आभाळाकडं पाहिलं. एक पांढरा ढग होता, तोही बहुतेक दुसऱ्या जिल्ह्यातला. तो जवळ येताना दिसला आणि मी हातानंच त्याला मागं जायची खूण केली. पावसाला घाबरलेला मराठवाड्यातला पहिला माणूस मी.

"हाव," मी म्हणालो.

घण पडले. संध्याकाळी ट्रक असा ताठ उभा राहिला, जसा वरातीतला नवरदेव. वडिलांनी त्याला हात लावला नाही.

त्या साली गवताची काडी बघायला माणसं एसटीनं परगावी जात होती. मी मिस्त्रीला विचारलं, "आता पुढं माठ कसे न्यायचे?"

मिस्त्रीनं हात पुसले. "माठांखाली गवत जास्त घाला."