माझ्या टेबलापुढची रांग

हसायचं असेल तर आधी हातातला कप खाली ठेवा, मग माझ्या नावाने बोंब नको. मी समाजशास्त्राची प्राध्यापक. गरिबाला उपचार उशिरा का मिळतात, यावर गेली कित्येक वर्षं लिहितेय, बोलतेय, भांडतेय. आणि मी त्या दिवशी जे केलं ते वरपर्यंत कळलं, तर माझी खुर्ची गेलीच म्हणून समजा!

मुळात मला स्वस्थ बसणं जमत नाही. त्यात बढतीचा अर्ज महिनाअखेर द्यायचा होता, त्याला नवा अभ्यास जोडायचा होता आणि मुलाखती काही होत नव्हत्या. लोक दोन प्रश्नांत कंटाळायचे आणि गुरं सोडायचीत म्हणून उठून जायचे. शेवटी एका सकाळी शेलूच्या घरातून स्कूटर काढली आणि कशेळ्याच्या पुढचा एक सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टरांची परवानगी आधीच घेतली होती.

शिपाईमामांनी टेबल दिलं. ते मी कुठे मांडावं? सावली बघून थेट दारात, केसपेपरच्या खिडकीला लागून! टेबलावर फॉर्मचा गठ्ठा, कॉलेजचा रबरी शिक्का आणि संमतीचा अंगठा घ्यायला शाईचं पॅड.

काय सांगू, पाच मिनिटांत रांग लागली. "तुमची इच्छा असेल तरच बोला, कधीही उठून जा," असं मी नियमाप्रमाणे प्रत्येकाला वाचून दाखवत होते. प्रत्येक जण मान हलवून अंगठा पुढे करत होता. एकही उठून गेला नाही. प्रश्न होते बत्तीस, एकेका माणसाला लागत होता अर्धा तास, आणि मी मनातल्या मनात बढतीचे पेढे वाटत होते.

अकराच्या सुमारास जरा मान वर केली. पंधरा-वीस माणसं उन्हात उभी. वाडीवरच्या चांगुआजी पाय धरून पायरीवर बसलेल्या. पायाला कोयता लागून जखम चिघळलेली, पट्टी बदलायला आल्या होत्या. त्यांच्या वाडीकडची जीप एकला सुटायची, आणि ती चुकली तर त्याच पायाने डोंगर चढायचा. आणि आत? डॉक्टर निवांत चहा पीत बसलेले, समोर एकही पेशंट नाही!

माझं डोकंच फिरलं. 'गरीब ताटकळत, डॉक्टर चहात' असं वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. लेखाची सुरुवात याच वाक्याने करायची हेही ठरवून टाकलं. मग पाय हलायला लागला, पेनाचं टोपण चावून झालं. बाराला खिडकी बंद होणार होती. पावणेबाराला काही राहवेना, ओढणी कमरेला खोचली आणि तरातरा आत गेले.

विषमता, सत्ता, माणसाला वाट बघायला लावणं ही कशी हिंसा आहे, सगळं बोलले. दोनदा टेबलावर हातही आपटला.

डॉक्टर तरुण आणि शांत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, मी नऊपासून पेशंटची वाट बघतोय. अर्ध्या तासाला एक येतोय. मला वाटलं, तालुका बरा झाला."

"मग बाहेर ही रांग कसली आहे?"

डॉक्टर चहाच्या कपात बघायला लागले. उत्तर दिलं ते दारातल्या शिपाईमामांनी. "ती तुमची रांग हाय, बाई. लोकांना वाटलं, आधी तुमच्याकडं अंगठा द्यायचा, मंग खिडकी."

"अहो, मग तुम्ही त्यांना सांगितलं का नाही?"

"मलाबी तसंच वाटलं. शिक्का हाय ना."

आता बोला! सरकारी दारात पहिल्या टेबलावर शिक्का दिसला की तिथे थांबायचं, हे इथल्या कुणालाही शिकवावं लागत नाही. याच विषयात डॉक्टरेट घेतलेल्या मला तेवढं सुचलं नाही. खरंच सांगते, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

डॉक्टर भला माणूस. खिडकी उघडी ठेवली, सगळ्यांना तपासलं, आणि केसपेपर मी लिहिले. पट्ट्या मात्र तपासणी संपल्यावरच, त्यामुळे चांगुआजींची पट्टी होईपर्यंत सव्वा वाजला होता आणि जीप गेली होती. मग आजींना मागे बसवलं आणि वाडीपर्यंत स्कूटर नेली. चढाला स्कूटर कण्हत होती, आजी मात्र हूं की चूं करत नव्हत्या.

घरापाशी त्या उतरल्या. गप्प निघून यावं की नाही? पण माझ्या जिवाला चैन कुठली! पावणेबाराला मी उठले तेव्हा त्यांचाच फॉर्म अर्धवट राहिला होता आणि अर्जाची तारीख डोळ्यांपुढे नाचत होती. म्हटलं, "आजी, शेवटचा एकच प्रश्न राहिलाय. आज उपचाराला उशीर कुणामुळे झाला?"

आजींनी माझ्याकडे बघितलं. रागाचं नाव नव्हतं चेहऱ्यावर, उलट माझीच कीव केल्यासारखं हसल्या.

"लिवा ना, बाई. तुमचं नाव मला ठाव नाय, तेवढं तुमीच घाला."