रेघा मोजणारे डॉक्टर

पेशंटची नाडी बघायच्या आधी हजेरी घेणारा डॉक्टर अख्ख्या मराठवाड्यात एकच असेल, आणि तो नांदेडच्या आमच्या डायलिसिस सेंटरच्या वाट्याला आला. सर रजिस्टर उघडून नाव पुकारायचे आणि नळ्या लावलेल्या पेशंटनं पडल्यापडल्या 'हजर' म्हणायचं. शिकत असताना ते लातूरला क्लासमध्ये बायोलॉजी शिकवायचे. ती सवय अंगात मुरली असेल, असं मी, त्यांची इनचार्ज सिस्टर, कित्येक वर्षं समजत होते.

करोनात त्यांनी खिशात मावणारं सोनोग्राफीचं मशीन आणलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ते बरगड्यांवर फिरवायचे आणि मोबाईलवर दिसणाऱ्या पांढऱ्या रेघा मोजायचे. फुफ्फुस जितकं ओलं तितक्या रेघा जास्त. अंगात साठलेल्या पाण्याच्या असल्या तर डायलिसिसनं उतरतात, करोनाच्या असल्या तर राहतात. आकडा मी फळ्यावर लिहायचा. फळाही त्यांनीच आणलेला. एकदा पुसट रेघ मी पूर्ण धरली तर दुखावले. म्हणाले, "सिस्टर, मी ग्रेस मार्क देत नाही."

मुखेडचे शिंपी चाचा आमचे जुने पेशंट. नातू लातूरला क्लासला, त्यामुळे घरात उठता-बसता मार्कांचंच बोलणं. फळ्यावर स्वतःपुढे चार आणि हदगावच्या मास्तरांपुढे अकरा बघून ते दिवसभर खट्टू होते.

पुढच्या पाळीला चाचा आले ते तापलेले, खोकत, धापा टाकत. टेस्ट पॉझिटिव्ह. मागच्या खोलीत सरांनी मोजल्या, रेघा सव्वीस. आकडा कळवल्यावर मोठ्या दवाखान्याचा फोनवर निरोप आला की फुफ्फुसं गेलेली दिसतात, पाठवा, व्हेंटिलेटर लावू. चाचांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिकडे गेलेला शेजारी परत आला नव्हता. तरी मास्क सरकवून त्यांनी विचारलं, "सर, सगळ्यात जास्त माझेच ना?"

सरांनी चष्मा काढला. "चाचा, पाणी किती प्यालात?"

"सकाळधरनं दोन तांबे. मास्तरच्या मागं कसं ऱ्हायचं?"

सरांनी मोठ्या दवाखान्याला फोन करून चार तास मागून घेतले आणि डायलिसिस लावलं. दर तासाला मोजत होते. एकोणीस, चौदा, दहा, सात. सातावर थांबलं. "ह्या करोनाच्या," सर म्हणाले, "ह्यांना वॉर्डातला साधा ऑक्सिजन पुरेल." चाचांचा जीव वाचत होता, आणि सात ऐकून त्यांचं तोंड उतरलं. सरांनी त्याच दिवशी फळ्यावर ठळक लिहिलं: कमी तो पहिला.

चाचा वॉर्डात होते, तरी सर हजेरीत त्यांचं नाव घेऊन थांबायचे. खोळंबा होतो म्हणून मी वैतागले, तेव्हा कळलं. भूकंपात गाव पडलं तेव्हा सर चौथीत होते. पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरली, गुरुजींनी जुनंच रजिस्टर काढलं. "सगळी नावं घेतली त्यांनी," सर म्हणाले. "एकही गाळलं नाही. नाव घेऊन थोडं थांबायचे."

बरे होऊन आले त्या दिवशी चाचांनी नाव यायच्या आधीच दारातून 'हजर' म्हटलं. बेशिस्तीबद्दल सर त्यांच्यावर रागावले आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसले.

हल्लीही एखाद्या नावाला उत्तर येत नाही. सर थांबतात. कामं पडलेली असतात, पण मी घाई करत नाही. सुई तेवढा वेळ हातात धरून उभी राहते.