फिल्टर पांढरा काऊन?

गाडी दारात लागली की मिस्त्री आधी मालकाला समोरच्या टपरीवर चहा प्यायला पाठवायचे. मालक म्हणायचा, नको, मी इथंच थांबतो. मिस्त्री हात पुसत म्हणायचे, "जा ना जी. मालक बाजूले असला का गाडी खोटं बोलते." तो गेल्याशिवाय बॉनेटला हात लावायचे नाहीत.

तिरोड्याहून गोंदियाला जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं टिनाचं शेड होतं. पाटी नव्हती. तुमच्यापैकी कोणी त्या काळात त्या बाजूला ड्रायव्हरकी केली असेल तर जास्त सांगायला नको. मालक गेला की ते ड्रायव्हरकडे वळायचे, "हं, सांग आता. कवापासून?" इतका मान देऊन आम्हा ड्रायव्हरांना दुसरं कोणी काही विचारत नसे.

एकदा एक डॉक्टर स्वतः गाडी घेऊन आले. इंजिन नुसतं ओरडतं, गाडी काही ओढत नाही, ही तक्रार. मिस्त्री शेजारी बसून एक चक्कर मारून आले. उतरून म्हणाले, "क्लचप्लेट गेली. पण बिमारी तुमच्या डाव्या पायाले हाये, डॉक्टर. तो क्लचवरून उठूनच नाही राहिला." डॉक्टरांचं तोंड आधी पडलं, मग मनापासून हसले. "औषध?" त्यांनी विचारलं. "गिअर टाकला का पाय उचला. जेवणाआधी, जेवणानंतर, कवाबी."

आता माझी गोष्ट. मी तेव्हा एका राइस मिलवाल्या सेठजींकडे होतो. त्यांनी मोठी काळी परदेशी गाडी घेतली होती. आत बसलं की घरच्या पलंगाची लाज वाटावी अशी. धानाच्या हंगामात तिचं बिनसलं. पाय दाबला तरी विचार करत बसायची. देवरीकडच्या चढावर कोंड्याने भरलेल्या एका ट्रकने आम्हाला मागे टाकलं, वर त्या ट्रकवाल्याने हात हलवला. मागे बसलेल्या सेठजींचा चेहरा मला आरशात दिसला आणि मी आरसाच फिरवला.

नागपूरच्या एका मोठ्या वर्कशॉपात कॉम्प्युटर जोडला. हवेचा फिल्टर काढून पाहिला, अगदी साफ. मग म्हणाले, टर्बो गेला असेल, नाहीतर डिझेलमध्ये भेसळ आहे. भेसळ म्हटल्याबरोबर सेठजींनी माझ्याकडे पाहिलं. डिझेल विकून रॉकेल भरणारे ड्रायव्हर आमच्यात होते, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दिवशी सेठजींनी किल्ली मागून घेतली. ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. मी घरी काही सांगितलं नाही. रोज डबा घेऊन मिलवर जायचो आणि नुसती गाडी पुसून परत यायचो. चोर म्हणून नोकरी गेली असती तर गोंदियात मला दुसरी किल्ली कोणी दिली नसती.

आठवड्याने सेठजी स्वतः गाडी चालवत तिरोड्याच्या रस्त्याने मिस्त्रींकडे निघाले. मी शेजारी, पाहुण्यासारखा. चहाला जाता जाता ते म्हणाले, "पहले तेल देखो, मिस्त्री. बाकी बाद में."

मिस्त्रींनी डिझेल काचेच्या बाटलीत काढलं, उन्हात धरलं, दोन बोटांत चोळलं, हुंगलं. "साफ हाये." मला रडू यायचंच बाकी होतं. मग त्यांनी मला इंजिन रेस करायला लावलं. मागून काळा धूर निघाला. "दम कोंडून राहिला हिचा," ते म्हणाले. फिल्टर काढला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"गाडी राहते कुठं?"

"मिलमध्ये. कोंड्याच्या ढिगाजवळ."

"मंग फिल्टर पांढरा काऊन? तिथं माणसाच्या भुवयांवर भुसा बसते, अन् हा नवरदेवासारखा साफ?"

इंजिन जिथून हवा ओढतं त्या तोंडाशी, जाळीमागे, त्यांनी हात घातला. बाहेर आलं एक फडकं. फडकं कसलं, पापडच. माझ्या बायकोच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. हंगाम सुरू होताना मीच बांधला होता, मिलचा भुसा आत जाऊ नये म्हणून. वर रोज पाइप लावून गाडी धुवायचो. भुसा बसायचा, पाणी बसायचं, पुन्हा भुसा, शेवटी हवाही आत जाईना. गाडी दमली तेव्हा मला ते फडकं आठवलंसुद्धा नाही. औषधावर कोण संशय घेतं?

"तुझं?"

"हो."

"काय करू याचं?"

"फेका," मी म्हणालो. लगेच म्हणालो.

मिस्त्री हसले. "फेकलं तर सेठ म्हणन, मिस्त्रीनं ड्रायव्हरची बाजू घेतली. दाखवलं तर तू मूर्ख. सांग, मूर्ख बरा का चोर?" मी फडक्याकडे पाहिलं. "अरे बाबू, मूर्खाची नोकरी टिकते."

सेठजी आले. मिस्त्री एका हातात बाटली, दुसऱ्या हातात फडकं घेऊन उभे. "सेठजी, तेल साफ हाये. अन् हा तुमचा ड्रायव्हर येडा हाये. चोर माणूस गाडीच्या नाकाले बायकोचं लुगडं नाही बांधत."

"ये तूने बांधा?"

मी सगळं सांगितलं, रोजच्या धुण्यासकट. सेठजी इतके हसले की टपरीवाला बघायला आला. मग त्यांनी किल्ली माझ्याकडे टाकली. "चल, तू चला." रस्त्याला लागून मी पाय दाबला आणि गाडी अशी सुटली की सेठजींच्या हातातली सुपारी सांडली. ते ती वेचू लागले. मी पाय तसाच दाबून धरला.

मिस्त्री वारले तेव्हा मी नागझिऱ्याच्या गेटवरून पर्यटकांना जंगलात नेणारी स्वतःची जीप चालवत होतो. तेरवीला गेलो. मालक लोक खुर्च्यांवर होते, आम्ही ड्रायव्हर खाली ताडपत्रीवर. पंगत बसली. शेजारचा म्हातारा ड्रायव्हर हळूच म्हणाला, "माह्यावर डिझलचा आळ आला होता. या माणसानं उतरवला." मी म्हणालो, माझ्यावरही. पलीकडून एक जण म्हणाला, "माह्यावर बी." मग समोरच्या ओळीतला एक मान हलवू लागला, मग त्याच्या बाजूचा. इतकी वर्षं मला वाटत होतं, ती गोष्ट माझ्या एकट्याची आहे. पत्रावळीवर भात आला, वरण आलं, आणि आमच्या ओळीत बराच वेळ पहिला घास कोणी घेईना.