मधुकर फिटरची काठी

हिंगणघाटची जुनी मशीद, देऊळ आणि वेस पाहायची तर आमच्या मधुकररावांसोबतच. जन्मभर कापसाच्या जिनिंगात फिटर होते, आता फुकटात दाखवत फिरतात. पण कोणी दगडाला चावी-खिळा लावला, की सरळ काठी हाणतात. बरंच करतात.

त्या रविवारी समुद्रपूरचा दुकानदार गजेंद्र देवळाच्या खांबावर गाडीच्या चावीने बायकोचं नाव कोरू लागला. 'दि' झाला आणि काठी मनगटावर बसली. दुसरा फटका बोटांवर. रक्त खांबावर उडालं. मी सोडवायला गेलो, तर मधुकररावांचं कोपर माझ्या नाकावर आलं.

"मले काऊन मारता? हे कोणाचं हाय मंग?" गजेंद्रने रक्ताळलेलं बोट मागच्या खांबाकडे केलं. तिथं खोल कोरलं होतं : मधुकर फिटर, १९७८.

मधुकररावांनी काठी गजेंद्रच्या हातात दिली आणि पंजा त्या नावावर पसरला.

"हाण. तवा कोणी हाणलं नाई मले."

गजेंद्रने तीनदा हाणलं. बोट मोडल्याचा आवाज आला. त्याची बायको दिपाली किंचाळली, "पुरे करा!"

मधुकररावांनी पंजा उचलून त्याखाली पाहिलं आणि पुन्हा तिथंच ठेवला.

"नाव अजून दिसून राह्यलं. हाण."