गुणाबाईचं राखेचं घर

साकोलीच्या बाजारात गुणाबाईशी भाव करायची हिंमत फार थोड्यांत होती. कोणी मासा उलटापालटा करून, दाबून बघायला लागला की ती म्हणायची, "काय गा, पोरगी पाहाले आला का? घेणं असंन त घे, नाही त पुढं चाल." आणि लोक पुढं जात नसत, तिथंच थांबून मुकाट्यानं घेत. एखादी नुकती बाळंत झालेली बाई आली की हीच गुणाबाई तोंडानं तिला शिव्या घालत तिच्या पदरात एक मासा जास्तीचा टाकायची. वर बजावायची, "कोणाले सांगू नको व, नाही त उद्या बाजारातल्या साऱ्याच बाळंतिणी होतीन."

तिचं घर तलावाच्या काठावर, ढिवरटोलीत, म्हणजे मासेमारांच्या वस्तीत. टोलीतल्या सगळ्या घरांची तोंडं पाण्याकडं. ते बरोबरच आहे म्हणा, ज्या पाण्यावर पोट त्याच्याकडं पाठ कोण करतो? समोर डोंगा, म्हणजे लहान होडी, बांधायचा, समोरच जाळं वाळत घालायचं, चुलीपाशी बसल्या बसल्या नवऱ्याला हाक मारायची. फक्त गुणाबाईचं घर पाण्याकडं पाठ करून उभं होतं, आणि त्या पाठीला दार नव्हतं. नवखा पाहुणा हसायचा. टोलीतलं कोणी हसत नसे, ज्याचं जळतं त्यालाच कळतं हे साऱ्यांना ठाऊक होतं.

तिथं पूर्वी दार होतं. एकाहत्तर सालच्या श्रावणात तलाव काठोकाठ भरला होता. मनिराम, म्हणजे तिचा नवरा, डोंगा घेऊन पाण्यावर होता. गुणाबाई पुढच्या दारात बसून गिऱ्हाइकाला मासे तोलून देत होती, आणि तिचा धाकटा, भैय्यालाल, नुकता धावायला शिकलेला, मागच्या दारानं बाहेर पडला. तो सापडला तेव्हा फार उशीर झाला होता. तेरावं झाल्यावर गुणाबाईनं स्वतः माती कालवली, दगड रचले आणि ते दार बुजवून टाकलं. तिला अडवायला कोणी पुढं आलं नाही. मनिराम तर एक शब्द बोलला नाही. त्या दिवसापासून तो ओलं जाळं खांद्यावर घेऊन अख्ख्या घराला वळसा घालून पुढच्या दारानं आत यायचा.

असं अकरा वर्षं चाललं. ब्याऐंशीच्या पावसाळ्यात घराची मागची भिंत खचली आणि नवं घर बांधल्याशिवाय गत्यंतर राहिलं नाही. तोवर थोरला श्यामलाल मच्छीमार सोसायटीत कामाला लागला होता, त्याचं लग्न झालं होतं, बपेऱ्याची गीता सून म्हणून आली होती आणि तिचा मुन्ना घरभर दुडदुडत होता. पुढच्या उन्हाळ्यात जुनं घर पाडून जागा साफ केली, शेजारी बांबूच्या तट्ट्यांचं छप्पर घालून सगळे त्यात राहायला गेले आणि साकोलीहून तुलाराम मिस्त्रीला बोलावणं गेलं.

तुलारामनं सरकारी क्वार्टरांवर काम केलेलं. तो दोन नकाशे कागदावर काढूनच आला. "हा पयला, तोंड तलावाकडं. पुढं सपरी, मांगं आंगण. अन् हा दुसरा, तोंड सडकेकडं, मांगं सपाट भित."

गुणाबाईनं कागद सरळ धरला, उलटा धरला. "बाप्पा, ह्या त नुसत्या रेघोट्या आहेत. ह्याच्यात मी राहू कुठं?"

"जमिनीवर काढून देतो न मंग," तुलाराम म्हणाला. त्यानं चुलीतली राख मागवली, दोरी ताणली आणि साफ केलेल्या जागेवर राखेनं पहिलं घर काढायला घेतलं. पाण्याकडच्या भिंतीत त्यानं दारापुरती जागा मोकळी सोडली. गुणाबाईनं खराटा उचलला आणि पुढचं काही काढायच्या आत ते घर झाडून टाकलं.

"हे नाही. माह्या घराले पाण्याकडं दार नाही राहाचं."

तुलारामनं मनिरामकडं पाहिलं. मनिराम जाळ्याची गाठ मारत बसला होता. "तिलेच पुस," तो म्हणाला. "ती म्हणन तसं."

मग दुसरं घर काढलं. सडकेकडं दार, पुढं सपरी म्हणजे ओसरी, दोन खोल्या, आणि मागं सरळ राखेची रेघ, कुठं मोकळी जागा नाही. गीता मुन्नाला कडेवर घेऊन बराच वेळ बघत राहिली. तिचं माहेर नदीकाठचं, लहानपण दारातून पाणी बघत गेलेलं. ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, चुलीपाशी बसलं त तलाव दिसनच नाही."

"नाहीच दिसाले पायजे," गुणाबाई म्हणाली. सासूच्या आवाजात राग नव्हता, राग असता तर गीता उलट बोलली असती.

"चार रोज राहून पाहा ह्याच्यात," तुलाराम म्हणाला. "पाया खोदला का मंग मले बोल लावाचा नाही."

घर पाहावं बांधून म्हणतात, पण गुणाबाईनं ते बांधायच्या आधीच पाहायला घेतलं. राखेच्या सैपाकखोलीत तीन दगडांची चूल मांडली, राखेच्या सपरीत खाट टाकली आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत उघड्या आभाळाखाली तिचा संसार सुरू झाला. शेजारची निर्मलाबाई विस्तव मागायला सरळ आत चालत आली तर ही ओरडली, "आवं, भितीतून काहून आली? दार नाही दिसत का तुले?" निर्मलाबाई हसत हसत मागं फिरली, दाराशी उभी राहून खोटी कडी वाजवली आणि म्हणाली, "आहे का व कोणी घरात?" मग टोलीतल्या बायांना नादच लागला. येणारी प्रत्येक जण दारात वाकून, चौकट डोक्याला लागू नये म्हणून पदर सावरत आत यायची. एवढासा मुन्ना, पण आजीच्या धाकानं तोही शिकला. कुठंही जायचं तर आधी दाराशी जायचा आणि मगच बाहेर. गुणाबाई कौतुकानं म्हणायची, "पाहा, ह्याले आहे अक्कल, तुमाले नाही."

फक्त एक गोष्ट तिच्या काळजाला लागली. पहिल्याच संध्याकाळी मनिराम पाण्यावरून आला. समोर भिंत नव्हती, नुसती राख. दोन पावलं टाकली असती तर तो चुलीपाशी आला असता. पण तो ओलं जाळं सावरत राखेच्या कडेकडेनं चालला, कोपरा वळला, पुन्हा वळला आणि पुढच्या दारानं आत आला. गुणाबाईनं ते पाहिलं आणि भाकरी थापता थापता तिचे हात थांबले. मग तिनं पाण्याचं भांडं त्याच्या पुढं केलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी गीता विहिरीवर गेली होती. श्यामलाल सोसायटीत. गुणाबाई चुलीपाशी सडकेकडं तोंड करून तांदूळ पाखडत होती. मुन्ना उठला, दाराकडं गेला, राखेला पाय न लावता बाहेर पडला. "शाबास रे माह्या वाघा," ती म्हणाली आणि सूप पुन्हा हलवायला लागली.

थोड्या वेळानं वारा फिरला. चुलीतला धूर डोळ्यांत गेला म्हणून तिनं मान मागं वळवली, आणि राखेच्या त्या सपाट, बिनदाराच्या भिंतीतून तिला मुन्ना दिसला. शहाण्या पोरासारखा दारातून निघून, घराला वळसा घालून, तो पार पाण्याशी पोचला होता. गुडघ्याएवढ्या पाण्यात उभा राहून आणखी पुढं पाय टाकत होता.

सूप कुठं गेलं, तांदूळ कुठं गेले, तिला कळलं नाही. दार-बीर काही न बघता ती भिंतीतून धावली, राख पायाखाली उडाली. काठावरचा चिखल तुडवत ती पाण्यात पडलीच आणि पोराला तिनं दोन्ही हातांनी वर उचललं. पोरगं खिदळत होतं, त्याच्या मुठीत चिखल होता. ती तिथंच कमरेएवढ्या पाण्यात बसून राहिली, त्याला छातीशी धरून. बारा वर्षांत ती त्या पाण्यात उतरली नव्हती.

गीता डोक्यावरचा पाण्याचा गुंड खाली टाकून धावत आली. सासू ओरडेल, रडेल असं तिला वाटलं, पण गुणाबाई पोराच्या मुठीतला चिखल धूत होती. पोराला सुनेच्या हाती देऊन ती म्हणाली, "दार नव्हतं व. म्या दार ठेवलंच नव्हतं. तरी बी गेला. भित राखेची होती म्हणून दिसला मले. मातीची असती त मी तांदूळच पाखडत राहिली असती."

आणि मग ती रडली. टोली काठावर जमा झाली, पण जवळ जायचं कोणाला सुचेना.

मनिरामनं लांबून माणसं पाहिली आणि डोंगा वल्हवत आला. पोराला गीताच्या कडेवर धड पाहून त्याच्या जिवात जीव आला. बायको पाण्यात बसलेली बघून तो उतरला आणि तिच्या शेजारी बसला, तसाच, पाण्यात.

"अजी," ती म्हणाली, "त्या दिवशी मी पाठ करून मासे तोलत बसली होती. बारा सालं झाले, तुमी मले एक शब्द बोलले नाही. काहून नाही बोलले? शिव्या द्याच्या होत्या. मारलं असतं त चाललं असतं."

मनिराम म्हणाला, "कोणत्या तोंडानं बोलू, शाम्याची माय? मी त डोंग्यातच होतो. घर हाकेवर होतं. पण जाळं भरून आलं होतं, त मी पल्याड तोंड करून ओढत राहिलो. एकडाव मांगं वळून पाहिलं असतं त दिसला असता तो मले." त्यानं पल्याडच्या पाण्याकडं बोट दाखवलं. "अन् मंग तू दार बुजवलं. मले वाटलं, पाण्यावरचा मी तुले दिसाले नको म्हणून बुजवलं. माह्यं तोंड पाहाचं नाही तुले."

गुणाबाई त्याच्याकडं बघतच राहिली. बारा वर्षं हा माणूस घराला वळसे घालत होता ते ह्यासाठी! तिनं पदराच्या ओल्या टोकानं त्याचं तोंड पुसलं, डोळे, गाल, मिशा, जसं लेकराचं पुसतात तसं, सगळ्या टोलीदेखत.

चार रोज सरल्यावर तुलाराम आला तेव्हा जमीन झाडून लख्ख केलेली होती. गुणाबाईनं राखेचं टोपलं त्याच्या हाती दिलं आणि पाण्याकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली. "दार इथं काढ. मोठं काढ. अन् चूल इथं, दाराच्या सामने. मले बसल्या जागेवरून पाणी दिसलं पायजे."

"लेकरावर ध्यान ठेवाले न?" तुलाराम दोरी ताणत म्हणाला.

"लेकरावर त ठेवीनच," गुणाबाई म्हणाली. "पण माह्या बुढ्याचा डोंगा बी दिसला पायजे मले."