एका दिवसाची मुदतवाढ

थापीच्या दांड्यानं फरशीवर दोनदा टकटक करायची, मान तिरकी करून कान खाली न्यायचा आणि मग म्हणायचं, "पोकळ न्हाई. झालं." आमच्या सावेडीतल्या घराची एकूण एक फरशी त्या फरशीवाल्यानं अशी ऐकून बसवली. एखादी पोकळ वाजली की खालचा सिमेंटचा माल ओला आहे तोवर उचलायचा आणि पुन्हा बसवायचा. मी म्हणायचो, अरे बाबा, कोण बघतंय? तो म्हणायचा, "बघत कोन न्हाई भाऊसाहेब, पन पाय पडतो ना."

भाऊसाहेब म्हणजे मी. तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केली आणि आमच्या नगरकडं कारकुनाला भाऊसाहेबच म्हणतात. निवृत्त झालो तरी ती पाटी काही उतरली नाही. आता वाटतं, उतरली असती तर बरं झालं असतं.

घराचं काम संपलं आणि आमच्या मागच्या खोलीत तो भाड्यानं राहायला आला, आईला घेऊन. मूळचा शेवगावच्या बाजूचा. बाप टेम्पो चालवायचा. एका अवसेला भाडं घेऊन निघाला तो घाटातल्या अपघातात गेला, तेव्हा हा सहावीत होता. घरात ही दोघंच. टकटक करायची खोड त्याला इतकी जडलेली, की कलिंगड तर सोडाच, आमचं दार, पाण्याची टाकी, गॅसचं सिलिंडर, काहीही वाजवून बघायचा. एकदा मी खोकत बसलो होतो तर माझ्या पाठीवर दोन बोटं आपटून म्हणाला, "आत भरलंय. डॉक्टरला दाखवा." दाखवलं, तर खरंच न्यूमोनिया. आमच्या हिनं त्याला त्या दिवशी शिरा करून घातला.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हातात कसब, जिभेवर साखर, आणि पस्तिशी आली तरी लग्न नाही. मुलगा काय करतो, फरशी बसवतो, एवढं कळलं की पाहुणे चहा पिऊन जायचे आणि पुन्हा निरोप यायचा नाही. आई रोज देवापुढं त्याच्या लग्नाचं गाऱ्हाणं घालायची. मग त्याला कुणीतरी डोक्यात भरवलं, की आखातात दोन वर्षं काढून ये, मग बघ पोरी कशा सांगून येतात.

एजंटाकडं मीही गेलो होतो त्याच्याबरोबर. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "मानूस भरीव वाटला." कागद मी वाचला. व्हिजिट व्हिसा, साठ दिवसांचा, काम करायला मनाई असं स्वच्छ लिहिलेलं. मी विचारलं, हे काय रे? तो म्हणाला, एजंट म्हणतो तिथं गेल्यावर कामाचा करून देतात. मला ते पटलं. का पटलं विचाराल, तर आमच्या कचेरीत सगळे असेच लागलेले होते, आधी तात्पुरते आणि मग कायम. जगातली सगळी सरकारं आमच्या कचेरीसारखीच चालतात असं मी धरून चाललो होतो.

निघायचा दिवस त्याच्या आईनं मलाच बघायला लावला. माझे वडील भिक्षुकी करायचे. ती भिक्षुकी त्यांच्याबरोबर गेली, पण दर साली पंचांग आणून खिळ्याला अडकवायची सवय राहिली. माझा त्यावर काडीचा विश्वास नाही. पण समोरच्यानं विचारलं की मी पान उलटतो आणि गंभीर चेहरा करून दिवस सांगतो. तसाच सांगितला.

साठ दिवस संपले. काम मिळालं, कागद काही मिळाला नाही. ठेकेदार आज करू, उद्या करू म्हणत राहिला आणि एजंटानं फोन उचलायचा बंद केला. बघता बघता दीड वर्ष झालं. तो व्हिडिओ कॉल करायचा, कुठल्यातरी हॉटेलच्या बाथरूमची फरशी दाखवायचा, दांड्यानं वाजवायचा आणि विचारायचा, "आलं का ऐकू? पोकळ न्हाई." आई पदर तोंडाशी धरून ऐकायची आणि एकच विचारायची, कधी येतू? ती आत गेली की तो हळू आवाजात मला सांगायचा. कामावर जाताना मागच्या बोळातून जातो. पोलिसांची गाडी दिसली की दुकानात शिरतो. दात दुखतोय, पण दवाखान्यात आधी तिथलं ओळखपत्राचं कार्ड मागतात. एकदा म्हणाला, "भाऊसाहेब, मी हितं हाय, पन कागदावर कुठंच न्हाई." मी त्याला धीर धर म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

आणि मग तिकडच्या सरकारनं माफी काढली. मुदत उलटून राहिलेल्यांनी पुढं यायचं, बाहेर जायचा परवाना घ्यायचा, दंड नाही, कैद नाही. परवाना मिळाल्यापासून चौदा दिवसांत देश सोडायचा, एवढीच अट. हा पहाटेपासून रांगेत उभा राहिला आणि परवाना घेऊन आला. इतका हसताना मी त्याला कधी पाहिला नव्हता. कॉलवरच परवा निघतो म्हणाला.

आई म्हणाली, "परवा? पित्तरं चाललीत. पित्तरात एवढा लांबचा परवास न्हाई करायचा."

तो हसून म्हणाला, आई, कागद चौदा दिवसांचा आहे. मी पंचांग काढलं. चौदावा दिवस नेमका सर्वपित्री अमावस्येला येत होता. अवस म्हटल्यावर म्हातारी म्हणाली, "त्याचा बाप अवसेलाच गेल्ता. मला दुसऱ्यांदा न्हाई सोसायचं." मग माझ्याकडं बघायला लागली. फोनमधून तोही बघत होता. "भाऊसाहेब, तुमी सांगाल तसं."

मला सांगता आलं असतं, की मावशी, हे सगळं खुळ्यासारखं आहे, पोराला उद्याच्या उद्या येऊ दे. तिला वाईट वाटलं असतं. दोन दिवस जेवली नसती. बस, एवढंच झालं असतं. पण मी तिचं मन राखलं. आणि खरं सांगतो, नुसतं मन राखायला नाही, मला मनापासून वाटलं म्हणून बोललो. तीस वर्षांत मी एकही शेवटची तारीख शेवटची राहिलेली पाहिली नव्हती. फॉर्म असो, कर असो, शेवटच्या दिवशी गर्दी होते आणि संध्याकाळी मुदतवाढीचं पत्र येतं. अशी पत्रं मी स्वतः टाईप केली आहेत. पंचांगावर माझा विश्वास नव्हता, पण मुदतवाढीवर होता.

मी म्हणालो, "एका दिवसानं काही होत नाही. घटस्थापनेचं तिकीट काढ. मुदत वाढवतातच रे."

फरशीवर वाजवून ऐकताना तो मान तिरकी करायचा, तशी त्यानं केली. मग म्हणाला, "बरं."

घटस्थापनेला म्हातारीनं घट बसवला, माळ चढवली आणि त्याची गादी उन्हात टाकली. दुपारी फोन आला. विमानतळावर मशीननं परवाना घेतला नव्हता. मुदत काल संपली, एवढंच खिडकीतल्या माणसानं सांगितलं. दंड सगळा पुन्हा उभा राहिला, आणि बाजूला थांब म्हणाले तेव्हा पकडतील या भीतीनं हा तिथून निघूनच आला. मी त्याला म्हणालो, अर्ज कर, विनंती कर, मी लिहून देतो. मी लिहूनही दिला, चांगला सव्वा पानाचा इंग्रजी अर्ज. तो घेऊन ऑफिसात जायची त्याची छाती झाली नाही. मला एका शब्दानं बोलला नाही. उलट म्हणाला, "तुमी आमच्या भल्याचंच सांगितलं हुतं." त्यानं शिव्या घातल्या असत्या तर मला झोप लागली असती.

थंडीत त्याला खोकला लागला. कॉलवर बोलता बोलता थांबायचा. मी म्हणालो, दवाखान्यात जा. कार्ड मागतात, म्हणाला. मेडिकलमधून गोळ्या आणून खात होता. मला माझी पाठ आठवायची, त्याची ती दोन बोटं आठवायची. तिथं त्याच्या पाठीवर वाजवून बघणारं कुणी नव्हतं. एका सकाळी त्याच्या नंबरवरून खोलीतल्या दुसऱ्याच माणसाचा फोन आला. हिंदीत बोलत होता. मी तो अंगणात घेतला, आणि आत जाऊन म्हातारीला सांगायला मला किती वेळ लागला ते मला आठवत नाही.

त्याला इकडं आणायला वीस दिवस गेले. त्याच्याबरोबर आलेले कागद मीच वाचले, दुसरं कोण वाचणार? एका कागदावर लिहिलं होतं, मृत्यूमुळे दंड माफ. सही, शिक्का, तारीख, सगळं जागच्या जागी होतं. पेटी इथं न थांबता थेट शेवगावकडं गावी नेली. चुलतभावानं अग्नी दिला. म्हातारी तिथंच राहिली.

परवा, जवळजवळ वर्ष होत आलं तेव्हा, ती खोलीतली भांडी न्यायला आली. स्वयंपाकघरात पाऊल ठेवताना खाली बघून, फरशा चुकवत आल्यासारखी आली. चहा घेतला. खिळ्याला नवं पंचांग होतं, त्याच्याकडं बघत म्हणाली, वर्षश्राद्ध घालायचं आहे, चुलतभाऊ बसणार आहे, तेवढी तिथी सांगा. गावात भटजी आहेत की, मी म्हणालो. नाही, तुमीच बघा, म्हणाली.

मी पंचांग काढलं. आधी जुनं शोधून त्यात तो दिवस पाहिला, मग नव्यात तिथी पाहिली. पुन्हा एकदा पाहिली आणि सांगितली. ती बोटावर मोजत ओठ हलवत राहिली. भांड्यांचं पोतं उचललं, उंबऱ्यापर्यंत गेली आणि थांबली.

"भाऊसाहेब, अजून एकदा बघा," म्हणाली. "एका दिवसानं चुकायला नको."

मी पुन्हा पान उघडलं.