लाईनवरचा तिसरा

टेलिफोनच्या ट्रंक बोर्डावर नोकरी केलेली बाई आणि गप्प? शक्यच नाही! दिवसभर कानात दुसऱ्यांचे संसार ओतले जायचे. थोडे पोटात जिरायचे, बाकीचे साचायचे. आता आम्ही जुन्या मैत्रिणी चहाला जमलो, की कुणीतरी "आणीबाणीतलं ते आठवतं का गं?" म्हणायचा अवकाश, सगळ्या सुटतात. हसायला सुरुवात होते खरी. मग का कोण जाणे, एकेक जण पदर सावरून गप्प होते.

तेव्हा परगावी फोन थेट लागत नसे, हे नव्या पोरांना सांगावं लागतं. आधी आमच्याकडं कॉल बुक करायचा, मग आम्ही कॉर्ड खुपसून दोन गावं जोडायची आणि दर तीन मिनिटांनी विचारायचं, वाढवायचं का. सोलापूरच्या आमच्या पाळीला मी, पद्मा आणि डोक्यावर सुपरवायझर बिराजदार साहेब. पद्मा विणकरांच्या घरातली, घाबरली की तेलुगूत देवाला हाका मारायची. साहेब अक्कलकोटचे, चिडले की कानडीत सुरू. मी कुंभारीची. मी कुठल्याच भाषेत घाबरत नाही, असं माझं तेव्हा मत होतं!

* * *

आमचं लाडकं गिऱ्हाईक म्हणजे दामूअण्णा. सांगोल्याकडचे धनगर, सोलापुरात घोंगड्यांचं दुकान. ते नेहमी पीपी कॉल लावायचे. पीपी म्हणजे ठराविक माणसासाठी. तो माणूस फोनवर आला नाही, तर किरकोळ पैशांत भागायचं.

"दिल्ली लाव बाय. पीपी."

"नाव कुणाचं टाकू, अण्णा?"

"मंत्र्याचं."

"कुठल्या मंत्र्याचं?"

"जागा असंल त्येचं!"

मंत्री कधीच यायचे नाहीत. दिल्लीची ऑपरेटर खो खो हसायची. अण्णा म्हणायचे, "ऱ्हाऊ दे, उद्या लावू की." पोरवयात इंग्रजांच्या मार्शल लॉमध्ये गांधी टोपी घातली म्हणून त्यांनी पाठीवर वेत खाल्ले होते. "तवा परक्याला बोललो तर मार बसला. आता सरकार आपलं हाय. आपल्याला न्हाय बोलायचं, तर मग कुणाला?"

* * *

आणीबाणी आली आणि एका सकाळी कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक माणूस बसलेला. तपकिरी सफारी, कानाला हेडफोन. साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "हे पाहुणे. यांना चहा द्यायचा, प्रश्न विचारायचा नाही!"

त्यानं लाईनीत कॉर्ड घातली की दोन्हीकडचे आवाज दबायचे, फोनवर कुणी गोधडी टाकल्यासारखे. आणि मधे एक श्वास. आत, बाहेर. आत, बाहेर. गावाला ते कळायला वेळ लागला नाही.

एक सूतवाला पुण्याशी बोलत होता.

"माल आला का?"

"आला. आणि गाड्या अगदी वेळेवर धावतात हं! शिस्त म्हणजे काय शिस्त!"

"मी कुठं विचारलं?"

"तुम्ही नाही हो! मी आपलं सांगून ठेवतोय!"

असं सगळं शहर सांगून ठेवायला लागलं. कुणाच्या घशाला कोरड, कुणाचं हसू मधेच तुटलेलं. दिवसभर आपली सरकारची स्तुती चाललेली. मला तर घरी गेल्यावर नवऱ्यानं "भाजी छान झालीय" म्हटलं तरी धडकी भरायची.

* * *

एकदा नातेपुत्याहून कॉल आला. इथं गिरणीतला एक तरुण, तिकडं त्याचा मेव्हणा.

"दाजी, ताई सुटली! दोघंबी सुखरूप!"

आनंदानं या बिचाऱ्याला शब्दच फुटेना. नुसता हुंदका. आणि तेवढ्यात मधून कुणीतरी विचारलं,

"मुलगा की मुलगी?"

लाईन थिजली. शेवटी नातेपुत्याचा मेव्हणा हळूच म्हणाला, "मुलगी." इकडं बापानं फोन खाली ठेवून दिला. पेढ्याचं नाव नाही की बारशाचं नाव नाही! पद्मा म्हणाली, "अय्यो देवुडा!" मी कोपऱ्याकडं पाहिलं. सफारीवाल्यानं आपलंच तोंड हातानं दाबून धरलं होतं.

* * *

अण्णांचे कॉल चालूच. बिराजदार साहेबांनी त्यांना ऑफिसात बोलावून घेतलं.

"येन री अण्णा, कळत नाही का? हे दिवस कुठले आणि सरकारला नावं ठेवताय! देशद्रोह म्हणतात याला!"

अण्णा शांतपणे म्हणाले, "साहेब, मेंढरू लंगडाय लागलं, तर त्येचं खूर कोण बगतो? ज्येचं हाय त्यो. चोर बगतो व्हय?"

"अहो, माझी नोकरी जाईल की!"

"तुमचं बी सांगतो की मंत्र्याला!"

आम्ही दोघी फिस्सकन हसलो. सफारीवाला हसला नाही. तो अण्णांकडं बघत राहिला आणि त्याचा चहा तसाच राहिला. मला अण्णांची तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली, म्हणजे अण्णांसाठी. पोलीस माणसं घरातून उचलून नेत होते हो! कुठं नेलं ते बायकापोरांनाही कळत नव्हतं.

* * *

मग एक दिवस खुद्द सफारीवाल्यालाच कॉल आला. त्याची आई, गावाकडच्या पोस्टातून. लाईन मीच जोडली.

"बाळ, तुज्या मामाला जीपमदी घालून नेलं रं! नसबंदीला! नातवंडं झालेला म्हातारा, त्यो!"

"आई, हे फोनवर नको."

"का? कोन ऐकतंय?"

त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं.

"बाळ? आरं तू हायेस का तितं? नुसता तुजा श्वास येतोय!"

त्यानं हेडफोन काढला, खिळ्याला अडकवला आणि कुणाकडं न बघता निघून गेला. गावी गेला म्हणे. दुसऱ्या दिवशी खुर्ची रिकामी. त्याच्या हेडफोनची पिन मी माझ्या हातानं उपसून ठेवली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

* * *

त्यानंतर लगेचची गोष्ट. भर दुपारी बोर्डावर अण्णांच्या फोनचा दिवा लागला.

"बाय, दुकानाम्होरं जीप हुबी हाय. आतला साहेब पान खातोय. त्येचं पान संपायच्या आत दिल्ली लाव."

मी घाईनं म्हटलं, "अण्णा, मागच्या दारानं जा! आत्ताच्या आत्ता!"

"का? मी चोरी केली व्हय?"

दिल्लीची लाईन सकाळपासून बंद होती. मी तसं सांगितलं.

"मग त्यो मदला दे. श्वास घेनारा. मंत्र्यापरीस बरा, ऐकतो तरी."

"तो आज नाही, अण्णा. खुर्ची रिकामी आहे त्याची."

"हाय की. मला ऐकू येतोय."

मी हेडफोन कानावर दाबला. पलीकडं काहीच जोडलेलं नव्हतं. लाईनवर फक्त अण्णा आणि मी. आणि मधे तो. आत, बाहेर. आत, बाहेर. मी पद्माला खूण केली. तिनं माझा हेडफोन कानाला लावला आणि पांढरी पडली. तिनं देवालाही हाक मारली नाही. बिराजदार साहेब जाऊन त्या रिकाम्या खुर्चीजवळ उभे राहिले. खिळ्यावर हेडफोन तसाच लोंबत होता.

अण्णा बोलायला लागले होते.

"ऐका. आमच्या वाडीतली तरनी पोरं भ्यानं जवारीत लपून झोपत्यात. दिसंल त्येला जीपमदी घालून नेत्यात. पेपरात समदं ब्येस लिवत्यात, म्हून तुमाला कळत नसंल. कळावं म्हून सांगतो. मी तुमचा वैरी न्हाय. वैरी गप बसला असता, तुमी कवा पडताय त्येची वाट बगत. माजं अजून लई सांगायचं ऱ्हायलंय..."

अण्णांच्या मागं दुकानाचं दार वाजलं. बुटांचे आवाज आले.

"बाय," अण्णा म्हणाले, "आले बग ते."

समोरच्या घड्याळाचा काटा फिरला आणि नोकरीची सवय, दुसरं काय, माझ्या तोंडून रोजचं वाक्य निघून गेलं, "तीन मिनिटं झाली. वाढवायचं का?"

पलीकडं बूट दुकानाबाहेर निघाले होते.

मधून आवाज आला, "वाढवा. ऐकतोय मी."